चाळिसावा फॉर्म

माझं अक्षर सुंदर होतं आणि त्याचा मला माज होता. वाशीमच्या एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होतो. ट्रेसरचं काम म्हणजे जुन्या नकाशावर खळीचं पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ दिसेल तशी वर शाईनं गिरवायची. नदी कुठून वाहते याच्याशी आमचा संबंध नाही, रेघ कुठून जाते याच्याशी संबंध. पण गावांची नावं मी अशी लिहायचो की माझ्या नकाशातलं खेडं खऱ्या खेड्यापेक्षा देखणं दिसावं.

तेव्हा वाशीमचा जिल्हा झाला नव्हता, अकोल्यातला तो एक तालुका होता. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि वरच्या लोकांना एकाएकी नदीनाल्यांच्या नकाशांचं प्रेम फुटलं होतं. आमचे साहेब साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. एके सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा पुढं सरकवला.

"आपले नकाशे जे लोक कामात वापरतात त्यांना विचारून या. काय चुकतं, काय हवं. चाळीस फॉर्म, अक्षय्य तृतीयेच्या आत. केनवडच्या आतल्या त्या गावाचा रपटा मंजूर आहे. नकाशा सुधारला की पहिलं काम तेच."

रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रात घातलेली दगडी फरसबंदी. पूर आला तर पाणी वरून जातं, पूर ओसरला की माणूस चालत जातो. पावसाळ्यात ते गाव नाल्यापायी केनवडपासून तुटायचं, म्हणून तो मंजूर झाला होता. मी दाराशी पोचलो तेव्हा साहेब मागून म्हणाले, "काम नीट केलंत तर तुम्हाला कायम करायचा कागद वर पाठवतो." तिसरं वर्ष मी हंगामी होतो. त्या दिवशी मी कचेरीच्या पायऱ्या उतरलो नाही, उडीच मारली.

फॉर्मात आठ प्रश्न होते. नकाशा किती वेळा वापरता, नाले बरोबर दाखवले आहेत का, बारमाही आणि पावसाळी प्रवाह वेगळे ओळखता येतात का, असे. शेवटी 'सूचना' म्हणून चार ओळींची मोकळी जागा. मी ठरवलं, ही जागा आपण भरून आणायची. आपला नकाशा लोक किती जीव लावून वापरत असतील, या कल्पनेनंच मला गुदगुल्या होत होत्या.

पहिला दणका मानोऱ्याकडच्या एका तलाठ्याच्या घरी बसला. त्या भागात तांडे लांबलांब, पावसात कागद टिकत नाही, म्हणून त्याला आम्ही मुद्दाम कापडी प्रत पाठवली होती. नकाशा दाखवा म्हटलं तर तो घरात गेला, आतून कुजबुज ऐकू आली, आणि तो चहा घेऊन बाहेर आला. मी पुन्हा विचारलं. तेवढ्यात त्याची तान्ही मुलगी रांगत ओसरीवर आली. अंगात झबलं, पांढरंशुभ्र, मलमलीसारखं. नकाशाचं ते कापड गरम पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि खाली असलं मऊ कापड निघतं, हे आम्हा ट्रेसरांच्या बायकांनाही ठाऊक असतं. शाई मात्र पूर्ण गेली नव्हती. पोरीच्या पाठीवरून अडाण नदी वाहत होती.

"कापड लय चांगलं आहे जी," तलाठी म्हणाला. "दुसरी प्रत भेटन का?"

मी रागानं लाल झालो होतो, पण पोर हसली आणि माझा राग तिथंच संपला. फॉर्मावर त्यानं सगळीकडे 'समाधानकारक' लिहिलं. खोटं तरी कसं म्हणणार!

कारंजा माझं गाव. तिथल्या बांधकामाच्या ओव्हरसियरला मी लहानपणापासून ओळखत होतो. तो काहीतरी खरं सांगेल असं वाटलं. त्यानंही आठच्या आठ प्रश्नांपुढं 'समाधानकारक' लिहून सही ठोकली. मी भडकलो.

"दादा, नकाशा उघडून तरी पाहा नं! घडीही मोडली नाही तुमी."

"पोट्ट्या, तुले नोकरी लागून किती दिवस झाले?" तो म्हणाला. "सरकारले सूचना देली की ते काम सूचना देनाऱ्याच्याच गळ्यात पडते. नाले चुकले म्हनलं तं उद्या मलेच उन्हात नाले मोजाले पाठवतीन. समाधानकारक लिव्हाव अन् घरी जाव."

मी फॉर्म गठ्ठ्यात घातला. पुढं रिसोडपर्यंत सायकल आणि एस.टी. यांची आलटूनपालटून संगत करत मी हिंडलो. जलसंधारणवाले, ग्रामसेवक, विहिरींची कामं पाहणारे. चहा झाला, कांद्याची भजी झाली, एका ठिकाणी तर पुरणपोळी झाली. एकोणचाळीस फॉर्म आणि तितकीच समाधानं. मनातून मी खूष होऊ लागलो होतो. एवढी माणसं चूक काढत नाहीत म्हणजे नकाशा चांगला असणारच, असं मी स्वतःला पटवलं. आपली स्तुती पचवायला वेळ लागत नाही.

चाळिसावा फॉर्म केनवडच्या एका कर्मचाऱ्याचा होता. गेलो तर तो लग्नासाठी रजेवर. दुपारचं ऊन, परतीची एस.टी. दोन तासांनी. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली रस्ता-दुरुस्तीची गँग जेवून टेकली होती. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, खाकी शर्ट, खिशाला पेन. मुकादम काही माझ्या यादीत नव्हता, यादी हुद्देदारांची होती. पण मला चाळीस आकडा पुरा करायचा होता.

"मुकादम, तुमी नकाशा वापरता का?"

"रोज," तो म्हणाला. एकोणचाळीस जणांत हा शब्द मी ऐकला नव्हता.

त्यानं डब्याच्या पिशवीतून एक कागद काढला. माझ्याच नकाशाची छापील प्रत, त्याच्या हद्दीपुरती कापलेली, पाठीमागून खळीनं डकवून डकवून तगवलेली. माझं अक्षर पाहून छाती फुगली. मग त्यानं तो कागद उलटा केला, कोरी बाजू आपल्याकडे, आणि उन्हासमोर धरला. पातळ कागदातून रेघा पलीकडून दिसू लागल्या.

"हे काय करून राह्यले?"

"असाच पाहा लागते न साहेब. अक्षरं उलटी दिसते, पन पानी सुलटं दिसते."

मी त्याच्या खांद्यामागं उभा राहून पाहिलं. रपटा मंजूर झालेलं ते गाव मधोमध. केनवडचा रस्ता गावात पश्चिमेकडून येतो. माझ्या नकाशात पश्चिमेला बारीकशी ओघळ होती आणि मोठा नाला पूर्वेला, शेतांकडच्या बाजूला. मागून पाहिलं की रस्ताही उलटा व्हायचा, पण रस्ता मुकादमाला पाठच होता; मोठा नाला मात्र पश्चिमेला येई, खऱ्या रस्त्याला नेमका आडवा. मुकादम म्हणाला, खरं तेच आहे. पण साहेब लोक येतात उन्हाळ्यात. तेव्हा दोन्ही कोरडे ठणठणीत, दोन्हींत वाळू, दोन्हींत बाभळी. म्हणून नकाशा सांगेल ते खरं. पश्चिमेला ओघळ आहे असं समजून तिथं नुसते दोन पाइप टाकले होते. ते दरवर्षी वाहून जायचे आणि दरवर्षी 'भराव नीट केला नाही' म्हणून बोलणी मुकादम खायचा. आणि आता रपटा मंजूर झाला होता नकाशातल्या मोठ्या नाल्यावर, म्हणजे खरं तर पूर्वेच्या ओघळीवर!

"मंग तुमी कोनाले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं नं. एका साहेबाले सांगतलं. ते म्हने, सरकारी नकाशा चुकत नसते, मुकादम, तुहा भराव चुकते." त्यानं कागदाची घडी घातली. "रपटा तिकडं झाला तं झाला जी. आमचं काही नाही. माही पोरगी तेवढी आता केनवडले सातवीत जाते. मागच्या पावसाळ्यात बावीस दिवस शाळा बुडाली तिची. यंदा हेडमास्तरनं म्हटलं, पुन्हा असं झालं तं परीक्षेले बसू देनार नाही. अन् आमच्या वस्तीतली सातवीपर्यंत पोचलेली ती पयलीच पोरगी आहे."

मी 'हं' म्हणालो. चूक कशी झाली ते मला तिथंच, उभ्याउभ्या कळलं होतं. मूळ नकाशाचा तो कोपरा वाळवीनं खाल्ला होता. कपाटात त्या कोपऱ्याचा जुना ट्रेसिंगचा तुकडा मिळाला, त्यावर एकही अक्षर नव्हतं, नुसते प्रवाह. ते कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. मी तो खाली पालथा ठेवला आणि गिरवला. रस्ता दुसऱ्या कागदावरून घेतला, तो बरोबर आला. गावाचं नाव लिहिण्यात मी इतका रंगलो होतो की नाल्याकडे पाहिलंच नाही. त्या एका नावाची वेलांटी काढायला मी अर्धा तास घेतला होता.

मुकादमाला मी हे सांगितलं नाही. फॉर्म भरून घेतला, 'सूचना' तेवढी कोरी ठेवली. "कचेरीत गेल्यावर लिव्हतो," म्हणालो.

एस.टी.त बसलो आणि सरळ सांगायचं तर घाबरलो. एकोणचाळीस जणांनी लिहिलेला तो एक शब्द मलाही लिहिता येत होता. त्या शब्दानं मी कायम होणार होतो, घरी पेढे वाटले जाणार होते. चूक लिहावी तर ती माझीच. नकाशाच्या कोपऱ्यात 'काढणारा' म्हणून माझं नाव आणि तेही सुंदर अक्षरात! रिसोड आलं, गेलं. मला राग येत होता मुकादमाचा, साताऱ्याच्या साहेबांचा, वाळवीचा. बावीस दिवस मात्र डोक्यातून जाईनात. वाशीमच्या स्टँडवर उतरलो, रसवंतीच्या बाकावर बसलो आणि चार ओळींच्या जागेत लिहिलं: 'केनवडजवळील गावाचे प्रवाह उलट दाखवले आहेत. मुकादम यांनी चूक दाखवली. चूक ट्रेसरची आहे. ट्रेसर मीच.' आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर वाकडं आलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "पुरावा काय?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी जीपनं आम्ही गेलो. मुकादमाला बोलावणं धाडलंच होतं. साहेब आधी पूर्वेला चालले, मग पश्चिमेला. दोन्हीकडे वाळू, दोन्हीकडे बाभळी, दोन्हीकडे तेच ऊन. साहेब कपाळ पुसत माझ्याकडे पाहू लागले. मुकादम म्हणाला, "साहेब, खाली नोका पाहू. वर पाहा." पश्चिमेच्या बाभळींच्या फांद्यांत, माणसाच्या डोक्याच्याही वर, पुरानं आणलेला काडीकचरा, कपाशीची पऱ्हाटी, एक फाटकी टोपली अडकून वाळली होती. पूर्वेच्या बाभळींना गुडघ्याच्या वर काही नव्हतं. साहेबांनी मान वर करून त्या टोपलीकडे पाहिलं.

"इतकं पाणी?"

"याहून जास्त जी. टोपली अडकली तेव्हा पूर उतरून राह्यला होता."

साहेबांनी पिशवीतला चुना मुकादमाच्या हातात दिला. "आखा. रपटा कुठून कुठं, तुम्हीच आखा." मुकादमानं चपला काठावर काढल्या. आजवर दुसऱ्यानं आखलेल्या रेघेवर त्यानं दगड टाकले होते. मग तो वाकला आणि पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढत गेला, जरा वाकडी, पण न थांबता. मला इतका आनंद झाला की माझ्यावर काय बेतणार आहे हे मी पार विसरलो.

ते सोमवारी बेतलं. हलगर्जीबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि कायमचा कागद वर्षभर लांबला. पेढे राहिले. साहेब ताकीद हातात देताना म्हणाले, "तपासणारा म्हणून सही माझी होती. मीही एक पत्र वर पाठवलंय, माझ्याविरुद्ध." हसले की नाही ते कळलं नाही, पण त्या दिवशी चहा त्यांनी मागवला.

रपटा पावसाआधी पुरा झाला. भादव्यात कामासाठी केनवडला गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला गेलो. नाला भरून वाहत होता, रपट्यावरून घोटाभर पाणी. मुकादम काठावर उभा होता, मला पाहून त्यानं दोन्ही हात वर केले. पलीकडून एक मुलगी चपला हातात घेऊन पाणी तुडवत आली, डोक्यावर पोत्याची खोळ, छातीशी दप्तर. बापानं सांगितलं, हेच ते नकाशावाले साहेब.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो उलटा नाला तुमीच काढला होता का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग मागच्या वर्षीचे माहे बावीस दिवस तुमच्या नावावर मांडा."

मी हसलो. बापही पोट धरून हसला. ती मात्र हसली नाही. पाय झटकून तिनं चपला घातल्या आणि केनवडच्या वाटेला लागली, शाळेची घंटा व्हायची होती.