बँकॉकच्या संग्रहालयात बाबा दिसेनासे झाले

सासरे पुण्याहून शारजाला आमच्याकडे आले तेव्हापासून मला धास्ती होती. नळ उघडा राहायचा, तोच प्रश्न पुन्हा यायचा. माझा नवरा निखिल म्हणायचा, "वय झालं की होतंच गं. फिरले की फ्रेश होतील." मी नको नको म्हणत असताना ईदच्या सुट्टीत आम्ही बँकॉकला निघालो: आम्ही दोघं, बाबा आणि अकरा वर्षांची इरा.

विमानाने साधारण सहा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट राष्ट्रीय संग्रहालय. सनम लुआंगच्या मैदानाला लागूनच आहे. सोमवार-मंगळवार बंद असतं, तेवढं बघून जा. तिकीट दोनशे बाट, म्हणजे बावीस-तेवीस दिरहम, आपले पाचशेच्या वर. आत एक इमारत नाही. अंगणांभोवती कितीतरी दालनं पसरलेली आहेत. तेच नडलं.

राजांच्या अंत्ययात्रेचे सोनेरी लाकडी रथ बघताना मान दुखते, इतके उंच. त्यांच्यावरचे कोरीव नाग मी टक लावून बघत होते. निखिल ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेला होता. वळून बघते, तर बाबा नाहीत.

"इरा, आजोबा कुठेत?"

"ही वॉज राइट हिअर, मम्मा!"

बाबांचा फोन हॉटेलवर राहिलेला. बाहेर वाहता रस्ता. माझी हाक ऐकून निखिल फाटकाकडे धावला. इराने सुरक्षारक्षकाला मोबाइलमधला फोटो दाखवला, त्याने वॉकीटॉकीवर निरोप दिला. मी एकेका दालनात डोकावत सुटले. मातीची भांडी, मुखवटे, तलवारी, काही दिसत नव्हतं.

बुद्धमंदिराच्या पायऱ्यांपाशी चपलांचा ढीग होता. त्यात अंगठ्याला टाके घातलेली बाबांची चप्पल!

आत गार होतं. चारी भिंतींवर जुनी चित्रं, समोर छोटी बुद्धमूर्ती, आणि बाबा मांडी घालून बसलेले. मी फोन केला तसा निखिल धापा टाकत आला.

"बाबा! किती शोधलं तुम्हाला!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. अगदी अदबीने म्हणाले, "मुलगा येतोय मला न्यायला. उशीर झालाय त्याला, पण येईल."

मला वाटलं, हा आता चिडेल, नाहीतर रडेल. तो शेजारी जमिनीवर बसला.

"येईल ना. तोवर मी बसू इथे?"

"बसा की."

निखिलनेही मांडी घातली. मग बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "निखिल, पाणी आहे का रे?"

उरलेली दालनं आम्ही बघितली नाहीत. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल, तर त्यांच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहून ठेवा. आम्ही हॉटेलवर परतल्यावर लिहिला.

शारजाला आल्यावर निखिल 'वय झालं' असं पुन्हा कधी म्हणाला नाही. त्याने जबल अलीच्या ऑफिसातून रजा काढली आणि बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतताना नेहमीचा जॅम. पुढच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "अरे, बँकॉकला कधी जायचं म्हणतोस?"

निखिलने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा."