सातवा जीव

डेल्फ्टच्या कुंभारवाड्यात आल्टियेबाईंचा हात नावाजलेला होता. तीस वर्षं त्यांनी पांढऱ्या फरश्यांवर निळी जहाजं रंगवली. कच्च्या लेपात रंग क्षणात मुरतो, पुसायची सोय नाही. रेघ चुकलीच तर तिचा पक्षी करायचा, अशी तिथली रीत. बाईंच्या आकाशात पक्षी क्वचितच असत, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

म्हणूनच कापडवाल्या वाउटरने त्यांना बोलावलं. कापडाचे धागे मोजायचं भिंग घेऊन हा गडी आता तळ्याच्या पाण्यात जीव शोधू लागला होता. त्या जीवांची चित्रं लंडनच्या विद्वानांना पाठवायची होती, पण स्वतःला साधा भोपळाही काढता येईना.

बाईंनी पितळी पट्टीतलं मण्याएवढं भिंग उजेडाकडे धरून डोळ्याला लावलं आणि पाण्याच्या थेंबात दिसेल ते कागदावर काढत गेल्या.

"अहो बाई, जीव सहा आहेत. तुम्ही सात काढलेत!"

"दिसले तेवढे काढले. हा बघा, साखळीसारखा."

वाउटरने पाहिलं, सहा. बाईंनी पाहिलं, सात. पाणी बदललं तरी साखळी होतीच.

"एक खोटा निघाला ना, तर उरलेल्या सहांवरही लोक हसतील."

"म्हणजे मी खोटारडी?"

"तसं नाही हो. का माझेच डोळे गेले?" वाउटर गोंधळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोरी फरशी उचलली, तर तिच्यावरून साखळी सरकत गेली. फुंकर मारली, हलेना. नजर वळवली, मागोमाग आली. उजवा डोळा मिटला, गायब! बाई घाबरल्या. आजवर किती जहाजांवरून ही अशीच पोहून गेली असेल? बाहेरचं काय आणि आपल्या डोळ्यातलं काय, काहीच कळेना.

तशाच उठून त्या वाउटरकडे गेल्या.

"सातवा माझ्या डोळ्यात आहे."

वाउटरचा जीव भांड्यात पडला. "मग त्याचा पक्षी करा की! गवताची काडी करा. कोणाला कळतंय?"

"फरशीवर चालतं ते. इथे नाही."

बाईंनी चाकू घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःची रेघ खरवडली. कागद जरा फाटलाच.

"घ्या, मोजा आता."

वाउटरने भिंग त्यांच्याच हातात दिलं. "तुम्ही मोजा."

"या डोळ्याने?"

"याच. स्वतःची चूक पकडणारा दुसरा डोळा मी कुठून आणू?"

बाईंनी भिंग लावलं. सातच दिसले. त्या म्हणाल्या, "सहा."