चाकाच्या आतला तांबडा ठिपका

आमची आत्या घरोघर जाऊन लोकांचे हातपाय हलते करते. फिजिओथेरपिस्ट हा शब्द तिच्या निम्म्या रुग्णांना नीट म्हणता येत नाही. ते तिला 'व्यायामवाल्या बाई' म्हणतात आणि ती ओ देते. चौदा वर्षं जुनी गाडी हाच तिचा दवाखाना. मागच्या सीटवर रबराचे पट्टे, वाळूच्या पिशव्या, दुमडलेली चटई. गाडीवर तिचा जीव आहे असं म्हणता येणार नाही. गाडी बंद पडली की टेकडीवरचे घड्याळजी अडून राहतात, एवढंच तिला कळतं.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे सत्तरीचे गृहस्थ. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकावं, एवढ्यासाठी आत्या आठवड्यातून तीनदा टेकडी चढते. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते येतं, पुढे फार थोडं, असं ती म्हणते. तिथे बस जात नाही. आणि उतरताना रस्ता असा, की ब्रेकशिवाय कोणाचा आधार नाही.

त्याच ब्रेकमधून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा आत्याच्या कपाळावर आठी चढली ती उतरेना.

"आता पुन्हा गॅरेज," ती म्हणाली. "त्यापेक्षा दात काढून घेतलेला बरा. तिथे निदान कुठला काढला ते कळतं."

आधी ती काचेच्या दारांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे गाडीकडे कोणी पाहत नाही, सगळे पडद्याकडे पाहतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या सल्लागाराने बोट फिरवत फिरवत लांबलचक यादी केली.

"मॅडम, एकदमच करून घ्या. सेफ्टीचा प्रश्न आहे."

आत्याने खालचा आकडा पाहिला. "एवढ्यात माझं लग्न झालं असतं."

सल्लागाराला हसावं की नाही कळेना. ती गाडी घेऊन परत आली.

मग बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, आपल्या मित्राच्या मेव्हण्याचं गॅरेज सुचवलं. "ताई, आपला माणूस आहे."

आपल्या माणसाकडे जायच्या आधी आत्या पार्किंगमध्ये जुनी चादर टाकून आडवी झाली. हातात नेलपॉलिशची बाटली. तिचा लहानसा ब्रश तिने एका काडीला दोऱ्याने बांधला होता. पुढच्या चाकांच्या फटींतून ती काडी आत सरकवून तिने ब्रेकच्या पॅडच्या कडांना एकेक तांबडा ठिपका लावला. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने न बदललेल्या पॅडचे पैसे घेतले होते, तेव्हापासूनची ही रीत. पार्ट बदलला तर ठिपका जातो. नाही बदलला तर राहतो. तिच्या मते सरळ हिशेब.

बाबा जिन्यावरून बघत होते. "स्वतःच्या नखांना कधी लावलं नाहीस."

"माझी नखं कोणी चोरत नाही."

आपल्या माणसाने गाडी दोन दिवस ठेवली, जिभेने चुक्‌चुक्‌ करत "पॅड पार गेले होते" म्हणाला आणि नवीन पॅडचं बिल दिलं. टेकडीच्या पहिल्याच वळणावर आवाज हजर. आत्याने तिथेच गाडी उभी करून टॉर्च मारला. चारही ठिपके जसेच्या तसे.

तिने पैसे परत आणले. ते तिने कसे आणले हे मी सांगणार नाही. त्या रस्त्यावरचे लोक अजून सांगत असतील. संध्याकाळी बाबांचा चेहरा पडला होता. "आपला माणूस म्हणून त्याने कमी लावले होते गं."

"न केलेल्या कामाचे कमी लावले? उपकार झाले."

तिसरं नाव घड्याळजींच्या बायकोने दिलं. बेकरीमागे पत्र्याची शेड, एकटा माणूस, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. पाटी नाही. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. तो फारसं बोलला नाही. गाडी हळू चालवून पाहिली, चाक काढलं, पॅड उजेडात धरला.

"पॅड चांगलेत, ताई. वर्षभर चालतील. आत कचरा बसलाय, पॅड सरकायच्या पिना सुकल्यात. साफ करतो. मागच्या चाकांत पॅडऐवजी ड्रममध्ये शू असतात, ते मात्र संपत आलेत, महिन्याभरात बघू."

मागितले ते पैसे इतके थोडे, की आत्याला बरं वाटण्याऐवजी संशय आला. दुधाने तोंड पोळलेली बाई. ताक काय, ती पाणीही फुंकून प्यायली असती. आवाज गेला होता, गाडी लोण्यासारखी थांबत होती, तरी घरी पोचताच ती टॉर्च घेऊन वाकली.

ठिपके नव्हते. एकही.

"चांगले पॅड काढून घेतले मेल्याने! आणि कुठलेतरी जुने घातले! म्हणून स्वस्त!"

मी म्हटलं, "आत्या, आवाज तर बंद झालाय."

"आवाज आठ दिवस बंद राहील. मग उतारावर मी."

त्याच पावली ती शेडमध्ये गेली, तिच्यामागे मी. तिथे तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर तिने चष्मेवाल्याला चोर म्हटलं. नुसतं चोर नाही, 'गरीब चेहऱ्याचा चोर'.

चष्मेवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. गाडी उचलली, चाक काढलं, पॅड बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवला. जड, काळा, स्वच्छ. एका खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढा तांबडा रंग राहिला होता.

"हा तुमचा?"

आत्याने त्या रंगावरून नख फिरवलं.

त्याने एका डब्यातलं द्रावण फडक्यावर फवारलं आणि खाचेतून फिरवलं. फडकं गुलाबी झालं. "ब्रेक याच्यानेच साफ करतात. तेल निघतं, ग्रीस निघतं. रंग कसा राहील? मी पाहिला होता ठिपका. वाटलं, कंपनीची खूण असेल."

तीन गिऱ्हाइकांपैकी एकजण खोकला. आत्याचे कान लाल झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"चुकले मी," ती म्हणाली.

"हरकत नाही." त्याने चाक बसवलं, नट आवळले. मग म्हणाला, "यापुढे दुसरीकडे बघा. ज्याचा माझ्यावर विश्वास नाही, त्याचे ब्रेक मी उघडत नाही. उद्या कुठे खडा लागून घसरलात तरी तुम्हाला मीच आठवणार."

घरी बाबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला सुळी." आत्याने दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा शेडमध्ये गेली. मागच्या ब्रेकचं काम टाळून चालणार नव्हतं. घड्याळजींचा अंगठा बोटापासून आता कागदाच्या जाडीएवढाच लांब राहिला होता. अशा वेळी एक आठवडा चुकवणं म्हणजे सगळं धुपून जाणं. तिने माफी मागितली, नीट, दोनदा. चष्मेवाल्याने ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि नाहीच म्हणाला.

"मग मी कोणाकडे जाऊ?" आत्याचा आवाज चढला. "सगळे लुटारू, आणि जो एक नाही तो हात लावत नाही!"

त्याने मागची चाकं वाकून पाहिली, हँडब्रेक ओढून सोडून पाहिला. मग खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि कानावरच्या पेन्सिलीने लिहिलं. "टेकडी उतरणारी गाडी आहे, तशीच ठेवू नका. हे दाखवा. एवढंच काम आहे. जास्त सांगितलं तर उठून या."

म्हणजे खऱ्या माणसाचं अक्षर घेऊन जायचं ते पुन्हा त्याच लोकांकडे. आत्याने गाडीत बसून स्टिअरिंगवर दोनदा हात आपटला. मग ती काचेच्या दारांच्या वर्कशॉपमध्ये गेली, कारण मागच्या ब्रेकचं काम दुपारपर्यंत करून देणारं तेच एक होतं.

सल्लागार तोच. बोट पडद्यावर फिरायला लागलं. "मॅडम, शूज बदलताना ड्रमही बदललेले बरे. सेफ्टीचा..."

आत्याने पुठ्ठा पडद्यावर ठेवला. "वाच."

त्याने मनात वाचला.

"मोठ्याने."

"मागचे शू बदलणे. साफसफाई." तो अडखळला. "ड्रम नको."

"पुढे?"

"पुढे काही नाही, मॅडम."

"मग पुढे काही नाही." तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून, जिथून गाडी दिसत होती तिथे बसली. "पाचला मला टेकडीवर पोचायचंय."