पडद्याकडं पाठ

सरांचे किस्से जीपमधल्या धुळीसारखे. झटकून मोकळं झालो म्हणावं, तर सीटखाली अजून निघतात.

सर पास्टर घडवणाऱ्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकवतात. येशूचा पिक्चर पाहताना लोकांचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास. मी त्यांचा ड्रायव्हर, प्रोजेक्टरवालाही मीच. गावोगाव पडदा बांधायचा, पिक्चर लावायचा, आणि सर पडद्याकडं पाठ करून लोकांकडं पाहत बसणार!

केदारखेड्यात एका आजोबांना त्यांची कीव आली. "सर, खुर्ची फिरवून देऊ का?"

"मला पिक्चर न्हाई, तुम्हाला पाहायचंय."

आजोबांनी जल्दी पटका नीट केला, गुंड्या लावल्या आणि फोटो काढायला बसल्यासारखे शेवटपर्यंत बसले. येशू कव्हा आला, कव्हा गेला, त्यांना काही पत्ता न्हाई.

* * *

जांब समर्थकडच्या एका वस्तीवर, पाच भाकरीत पाच हजार माणसं जेवल्याचा सीन झाला. एका बाईनं सरांना विचारलं, "वाढायला किती जण होते?"

"बारा शिष्य."

"एवढ्या पंगतीला बाराच वाढपी? मंग खरा चमत्कार तोच की!"

त्यावर सरांनी पुण्याच्या सेमिनारमध्ये तासभर भाषण ठोकलं. मी मागं डुलक्या घेऊन राह्यलो होतो, टाळ्यांनी जाग आली.

* * *

पिक्चर पाहून माणूस बदलतो का? सरांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण इथंच अडकल्तं. लोकांना विचारावं तर लोक गोड बोलायचे, चहा पाजायचे.

"बाळू, उत्तर न्हाई सापडलं तर सगळी उमर उलटं बसण्यातच गेली म्हणायची," एकदा गाडीत म्हणाले. वर हसले. मला लई वाईट वाटलं.

* * *

शेवटी सरांनी घरातच विचारलं. त्यांची माय लग्नाआधी असाच एक पिक्चर पाहून चर्चला यायला लागल्ती. तो पिक्चर दाखवणारेच पुढं सरांचे बाबा झाले.

"माय, तुला काय दिसलं त्या पिक्चरमध्ये?"

"पिक्चर कोणी पाह्यला?" माय म्हणाली. "वारा लई सुटल्ता. बांबू मोडला, तर तुझे बाबा हात पसरून पडदा धरून उभे राह्यले. पडद्यावर समुद्र आल्ता. तो समदा त्यांच्या सदऱ्यावर. मी तेच पाहत बसले."

त्या दिवशी सर लिहायला बसले न्हाईत.

* * *

मंग कुंभार पिंपळगावचा शो. माय संग आल्ती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मायला आता धूसर दिसतं, म्हणून तिला पुढच्याच चटईवर बसवलं.

समुद्राचा सीन आला आणि वारा सुटला. एका बाजूची दोरी तुटली. मला प्रोजेक्टर सोडता येईना. सर खुर्चीवरून उठले, लोकांकडं तोंड करून हात पसरले आणि पडदा धरला. त्यांच्या अंगभर निळं पाणी हलून राह्यलं.

"अहो," माय हळूच म्हणाली, "हात दुखले असतील. सोडा आता."

पिक्चर संपला. लोक चटया झटकून घरी गेले. पडद्यावर नुसता उजेड होता, आणि सर तसेच हात पसरून उभे.