माशीकाकांचे नऊ कोष

माशीकाका जेवताना डब्यावर बसलेली माशी कधी हाकलत नसत. चष्मा वर सारून तिच्याकडे निरखून बघत आणि म्हणत, "घरमाशी हाय, बसू दे." आम्हा बाकीच्यांची भूक तिथेच मरायची.

नवी मुंबईतल्या आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते, मूळचे बोनकोड्याचे. प्रेतावर सापडलेल्या अळ्या, कोष, माश्यांचे पंख स्वच्छ करून तपासणीजोगे बनवायचे, हे त्यांचं काम. पदव्या आमच्याकडे होत्या, हात त्यांच्याकडे. अळी आधी गरम पाण्यात, मगच स्पिरिटमध्ये, हा त्यांचा दंडक. एकदा मी ती थेट स्पिरिटमध्ये टाकली आणि ती आक्रसून काळी पडली. "घाई तुला हाय बाय, तिला नाय," एवढंच ते बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंग्या त्यांच्या हाडवैरी. बरण्यांत शिरून नमुने फस्त करायच्या. म्हणून पेस्ट कंट्रोलसाठी काका दर महिन्याला माझ्याकडून अर्ज लिहून घेत. "मुंग्या साक्षीदार खातान, असं लिव." मी हसून सरकारी भाषेत लिहायची. अर्ज वर जायचा आणि वरच राहायचा.

मग नावड्याच्या एका मुलीची केस आली. झुडपात सापडलेल्या तिच्या देहाखालच्या मातीतून पोलिसांनी नऊ कोष आणले होते. तिचा नवरा म्हणत होता, मी शुक्रवारी परगावी निघालो तेव्हा ती जिवंत होती. कोषातून माशी निघाली की तिची जात कळते आणि उलटे दिवस मोजत मृत्यूपर्यंत जाता येतं. गुरुवार निघाला असता, तर नवरा अडकला असता. काकांनी कोष ओलसर वाळूत ठेवले, बरणीला मलमल बांधली. मुलीची आई रोज दुपारी फाटकाशी येऊन बसायची. केसबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, पण काका जाऊन सांगत, "थांब बाय, माशी निंगू दे."

सोमवारी खोली उघडली तर औषधाचा उग्र वास. अर्ज मंजूर झाला होता, सुट्टीत फवारणी उरकली होती आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. मुंग्या मेल्या होत्या. कोषही मेले होते. "अर्ज माजाच ना," काका म्हणाले. अक्षर माझं होतं, हे बोलायचा मला धीर झाला नाही. आजही त्याची लाज वाटते.

त्यांनी ते नऊही कोष कॉस्टिकच्या पाण्यात मऊ केले, सुईने सोलले, काचपट्टीवर लावले. इतकं सुबक काम मी पुन्हा पाहिलं नाही. माशीची जात कळली, पण ती निघालीच नाही म्हणून दिवस कळला नाही. "निश्चित सांगता येत नाही," असा अहवाल गेला आणि नवरा सुटला.

आईला सांगायला काका स्वतः गेले, मी मागे उभी होते. "माज्या अर्जानं झालं, बाय." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मंग तिची तिथी कंची धरू?"

काका तिच्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "सर्वपित्रीला पान ठेव."

ज्यांचा दिवस कुणालाच ठाऊक नसतो, त्यांचं त्या अमावास्येला करतात. तिने मान हलवली आणि ती निघून गेली, पुन्हा आली नाही. काका मात्र निवृत्त होईपर्यंत रोज दुपारी फाटकापर्यंत जाऊन यायचे.