चार नंबरच्या टाकीतला पक्षी

मापकाकूंना राग येत नाही, असं सांडपाणी केंद्रावरच्या लोकांचं ठाम मत होतं. ते साफ चूक होतं. राग त्यांना भरपूर यायचा. पण सगळ्या शहराची घाण ज्या टाक्यांतून जाते, त्या टाक्यांच्या काठावर बावीस वर्षं काढलेलं माणूस लहानसहान गोष्टींवर राग खर्च करत नाही, इतकंच. तो त्यांनी जपून ठेवला होता आणि एका वर्षी पानगळ संपल्यावर तो एकदम बाहेर आला. ज्यांच्यावर आला त्यांना तो परवडला नाही, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

काकूंचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. सहा उघड्या टाक्या, एकेक खेळाच्या मैदानाएवढी. दर दोन तासांनी त्यांच्या काठाने फिरायचं, आकडे रंगवलेली लांब काठी पाण्यात सोडायची, पातळी वाचायची आणि नोंदवहीत लिहायची. त्या काठीवरून त्यांचं नाव मापकाकू पडलं. मध्ये एका साहेबांनी पातळी आपोआप मोजणारं यंत्र आणलं होतं. आठवड्याभरात त्याच्यात गाळ गेला आणि यंत्राने राम म्हटला. काठी आणि काकू तेवढ्या शिल्लक राहिल्या.

नोंदवहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. बाकीचे तिथे 'ठीक' लिहून मोकळे व्हायचे. काकू तिथे पक्षी लिहायच्या. सांडपाण्याच्या टाक्यांवर किती पक्षी येतात हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं, कारण ते तिथून नाक दाबून जातात. पाण्यावर किडे असतात, गाळात अळ्या असतात, वर माणसांची वर्दळ नाही. पक्ष्याला आणखी काय हवं? 'तुतारी बारा, धोबी सात, शेकाट्या वीस, दोन पिल्लं' असं काकूंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. एकदा साहेब वैतागले.

"काकू, इथे फेस, वास, बिघाड हे लिहायचं असतं."

"पक्षी निघून गेले की पाण्यात काहीतरी कालवलंय असं समजायचं, साहेब. फेस नंतर येतो."

वर्षभरात कुठल्याशा कारखान्याने भलतंच पाणी सोडलं. काकूंच्या शेऱ्यात 'आज एकही नाही' असं दोन दिवस आधीच लिहिलेलं होतं. तेव्हापासून साहेबांनी तो विषय सोडला.

आता मंडळाचं सांगतो. त्या भागात एक पक्षीमंडळ होतं. दर वर्षी पानगळ संपली की ते सगळ्या प्रदेशातल्या लक्षणीय पक्ष्यांची यादी काढायचं. कोणता पक्षी, कुठे, कधी, कोणाला दिसला, असे चार रकाने. डोंगरापासून खाडीपर्यंतची माणसं आपापल्या नोंदी पाठवायची आणि निवृत्त भूगोलाचे मास्तर त्यांचं संपादन करायचे. काकू अकरा वर्षं नोंदी पाठवत होत्या. त्या छापूनही यायच्या. फक्त 'कोणाला' या रकान्यात त्यांचं नाव नसायचं. तिथे 'केंद्रावरून' असं असायचं. नाव फक्त सदस्यांचं छापतात असा नियम होता. सदस्य व्हायला दोन सदस्यांची शिफारस लागायची, आणि अकरा वर्षांत ती करावी असं कोणालाही सुचलं नव्हतं. काकू स्वतः मागायला गेल्या नाहीत. त्यांना मागायची सवय नव्हती.

त्यांची धाकटी बहीण शाळेत कारकून होती आणि जिभेला हाड नसलेली. यादी आली की ती मोठ्याने वाचायची. "या बघा, आमच्या थोरल्या बहीण, श्रीमती केंद्रावरून." काकू हसायच्या. पण नाव छापून यावं असं त्यांना फार वाटायचं, हे धाकटीला माहीत होतं. बावीस वर्षं माणसाने इतकं नीट बघितलं तर ते कोणी बघितलं हे कुठेतरी लिहिलेलं असावं. यात काही जगावेगळी मागणी आहे असं मला तरी वाटत नाही.

त्या वर्षी पानगळीच्या शेवटी समुद्राकडून तीन दिवस वारा सुटला. केंद्रावर त्याच दिवसांत चार नंबरची टाकी साफ करायचं काम निघालं होतं. दहा तारखेला तिचं पाणी सोडून दिलं. अकराला काकू आणि दोन कामगार गमबूट घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या तळाचा गाळ ओढत होते. बाराला दुपारी पुन्हा पाणी घेतलं. तेरा तारखेला सकाळी आठच्या फेरीला टाकी काठोकाठ भरली होती आणि तिच्या मधोमध एक एवढासा करडा पक्षी स्वतःभोवती गरगर फिरत होता.

काकू जागच्या जागी थांबल्या. पक्षी तुतारीएवढा, पण बदकासारखा तरंगणारा. चोच सुईसारखी. डोळ्यामागे काळा डाग. गोल फिरायचा, चोचीने काहीतरी टिपायचा, पुन्हा फिरायचा. घड्याळ लावून काकूंनी त्याच्या फेऱ्या मोजल्या. मिनिटाला सदतीस. मग त्यांनी काठी सोडली, पातळी लिहिली, आणि केबिनमध्ये जाऊन मास्तरांना फोन केला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "काकू, हा फॅलारोप. भर समुद्रातला पक्षी. आपल्या यादीत आजवर एकदाही नाही. वाऱ्याने आत लोटला असणार. नक्की बघितलात ना?"

"अजून बघतेच आहे. खिडकीतून दिसतोय."

"या वर्षी नाव छापू तुमचं. नियम गेला खड्ड्यात. मी शब्द देतो."

शब्द देऊन मास्तरांनी पहिलं काम काय केलं, तर दातांच्या डॉक्टरांना कळवलं. हे डॉक्टर म्हणजे मंडळातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी माणसाच्या हाताएवढी होती. त्याच सकाळी अकरा वाजायच्या सुमाराला ते गाडीतून उतरले ते रुमाल नाकाला लावूनच.

"हा वास रोज असतो?"

"नाही, आज कमी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी साहेबांची परवानगी आणली, डॉक्टरांना काठावर नेलं, कॅमेऱ्याची तिकाटी धरली. डॉक्टरांनी नळी काठावरच्या एका साध्या तुतारीवर रोखली आणि खटाखट फोटो काढायला सुरुवात केली. काकूंनी हळूच सांगितलं, "तो नव्हे, डॉक्टर. तो हिवाळाभर इथेच असतो. तो मधला बघा, फिरतोय तो." डॉक्टरांनी बघितलं, फोटो काढले, आणि रुमालातूनच काहीतरी बोलून निघून गेले. ते आभार असावेत असं काकूंनी धरून चाललं.

महिन्याभराने ग्रंथालयाच्या सभागृहात यादीचं वाचन होतं. काकूंनी पाळी बदलून घेतली, इस्त्रीचे कपडे घातले आणि धाकटीला बरोबर घेतलं. दोघी शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. डोंगरातली गिधाडं झाली, खाडीवरचे रोहित पक्षी झाले, कोणाच्या तरी परसातलं घुबड झालं. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर चार नंबरची टाकी आली. कडेला भिंतीवरचा आकडा दिसत होता, मधोमध तो पक्षी होता, आणि खाली लिहिलं होतं: तारीख अकरा.

मंडळाचे अध्यक्ष उठले. शेजारच्या मंडळाला हाच पक्षी बारा तारखेला दिसला आणि त्यांनी त्याचा केवढा गाजावाजा केला, हे त्यांनी सांगितलं. "पण मंडळी, आपण त्यांच्या एक दिवस आधी. हा मान आपल्या डॉक्टरांचा." टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले की अकराला सकाळी सहज तिकडून जाताना नजर गेली आणि पक्षी बघताक्षणी ओळखला.

"बघताक्षणी," धाकटी पुटपुटली. "तुझाच ना गं हा पक्षी?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. नाव नाही, हे एक वेळ त्यांनी गिळलं असतं. अकरा वर्षं तेच गिळत आल्या होत्या. पण हा माणूस सुटाबुटात उभा राहून सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत होता, आणि तीही त्यांच्या टाकीच्या काठावरून. त्या उभ्या राहिल्या.

"अकरा तारखेला हा पक्षी तिथे नव्हता."

सगळ्या माना वळल्या. "आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी केंद्रावर असते. अकराला चार नंबरच्या टाकीत पाणीच नव्हतं. सकाळी सातपासून मी स्वतः तिच्यात गाळ ओढत उभी होते. नोंदवही आहे. पक्षी तेराला आला आणि डॉक्टरही तेरालाच आले. त्यांना पक्षी मी दाखवला. आधी ते तुतारीचे फोटो काढत होते."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. तारखेत एखाद्या दिवसाचा घोटाळा कॅमेऱ्याकडून होऊ शकतो, असं ते म्हणाले. अध्यक्षांनी चहा जाहीर केला. इतक्या घाईने जाहीर झालेला चहा त्या सभागृहाने पूर्वी बघितला नसेल.

चहाच्या गडबडीत अध्यक्ष आणि मास्तर काकूंना बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन आले. मास्तरांच्या हातात यादीची मूळ प्रत होती. ते नजर चुकवत होते.

"काकू, तुमच्यावर अन्याय झाला," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. "डॉक्टरांशी बोललो मी. त्यांची हरकत नाही. नाव तुमचं घालतो. आत्ता, तुमच्यासमोर. सदस्यत्वही देतो."

मास्तरांनी खरंच पेन काढलं, डॉक्टरांच्या नावावर रेघ मारली आणि वर काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. मास्तरांचं अक्षर सुरेख होतं. काकू बघत राहिल्या. आपलं नाव इतकं चांगलं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आणि तारीख?" त्यांनी विचारलं.

"तारीख तेवढी राहू द्या."

"तारीख तेरा आहे."

"तेरा घातली की शेजारचे पहिले होतात," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांना कळवून झालंय हो. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे. उलट विचार करा, या पक्ष्याची पहिली नोंद कायमची तुमच्या नावावर लागेल. एका दिवसाने, दोन दिवसांनी काय बिघडतं?"

"दोन दिवसांनी टाकीत पाणी असतं किंवा नसतं."

"काकू, जरा व्यवहाराने घ्या."

"मी बावीस वर्षं पातळी लिहिते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि व्हरांड्याच्या टोकाला उभी असलेली धाकटी चहा हातात धरून थिजली होती. "आकडा हवा तसा लिहायला साहेबांनीसुद्धा सांगितलंय मला, तपासणीच्या वेळी. मी लिहिला नाही. तुम्ही तर साहेबही नाही. न दिसलेला पक्षी माझ्या नावावर घालू नका. खोडा ते."

मास्तर हलले नाहीत. तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि आपलं नाव खोडलं. एकाच रेघेत, नीट, नोंदवहीतली चूक खोडतात तसं. पेन परत दिलं आणि त्या निघाल्या.

धाकटी चहा तसाच ठेवून त्यांच्यामागे रस्त्यावर आली. मग म्हणाली, "घ्यायचं होतंस गं नाव. कोण बघतंय तारीख?"

"मी बघते."

"इतकी वर्षं वाट बघितलीस."

"म्हणून तर," काकू म्हणाल्या, आणि मग त्या रस्त्यातच थांबून रडल्या. दुःखाने नव्हे, चिडून. लाज कोणाला वाटायला हवी होती आणि रडत होतं कोण, याची ती चीड होती. धाकटीने मंडळातल्या एकेकाचा असा काही उद्धार केला की येणारेजाणारे वळून बघायला लागले.

यादी महिन्याभरात छापून आली. या वेळी काकूंना ती टपालाने कोणी पाठवली नाही. धाकटीने शाळेच्या ग्रंथालयातली आणली आणि मोठ्याने वाचली नाही, नुसती समोर ठेवली. डॉक्टरांचं नाव पदव्यांसकट होतं. तारीख अकरा. मंडळ शेजाऱ्यांच्या एक दिवस पुढे. पुढे त्या यादीचा आधार घेऊन आणखी याद्या झाल्या आणि सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. कुठेही उघडून बघा, तो पक्षी अजून अकरा तारखेला सकाळी, थेंबभर पाणी नसलेल्या टाकीत, मापकाकूंच्या गमबुटांभोवती गोल गोल पोहतो आहे.