तुळजाबाईंचा अर्धा राहिलेला धडा

उदगीरपासून दोन कोसांवर, गावाबाहेर, आमची ख्रिस्ती वस्ती होती. निजामाच्या राज्यात अशा वस्तीत शिकलेली बाई मिळणं अवघडच. आमच्याकडे तुळजाबाई होत्या. नवरा वारल्यावर त्या बिदरच्या मिशनात जाऊन वाचायला शिकल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या गोऱ्या साहेबांनी मार्था हे नाव सुचवलं, पण मायनं ठेवलेलं नाव सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दर रविवारी लिंबाखाली आम्हा बारा पोरांची शाळा भरायची.

त्रेचाळीस सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे; त्या दिवशीही शाळा भरली. मी आठ वर्षांची होते. बाईंनी प्रभू येशूच्या मरणाची गोष्ट सांगितली. खिळे, काटे, आईचं रडणं, सगळं असं सांगितलं की ऐकायला आलेल्या दोघीतिघी बायका पदर तोंडाला लावून बसल्या. कबरीवर धोंडा लोटला, इथं बाई थांबल्या. पुढचं मुद्दामच राखून ठेवलं, म्हणजे पोरं ओढीनं येतील.

सिंधु सहा वर्षांची, सगळ्यांत पुढे बसणारी. तिनं विचारलं, "बाई, मग त्यांचं काय झालं?"

"आयतवारी सांगते," बाई हसून म्हणाल्या.

शनिवारी सकाळी सिंधुला पटकी झाली, उलट्या-जुलाब थांबेनात. बाई पहाटेच दुसऱ्या गावी बायकांना शिकवायला गेल्या होत्या. दवाखाना उदगीरला, बैलगाडी जुंपेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. दुपारी ती गेली. दिवस मावळायच्या आत तिला मातीही दिली. बाई परतल्या तेव्हा सिंधुची माय उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली की पोर सारखी विचारत होती, बाई आल्या का.

रविवारी, ईस्टरला, वस्तीतल्या ख्रिस्ती देवळात पाळक शरणप्पांनी पुनरुत्थानाचं सांगितलं. बाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रभू तिसऱ्या दिवशी उठले, एवढं आमच्या डोक्यात राहिलं. आम्ही बोटांवर मोजलं: शनिवार, रविवार, सोमवार.

सोमवारी आम्ही चौघीजणी कुणाला न सांगता सिंधुच्या मातीपाशी जाऊन बसलो. मी तिच्यासाठी भाकरी नेली होती. ऊन चढलं. शोधत शोधत बाई आल्या. आम्ही का बसलोय ते कळल्यावर त्या आम्हाला रागावल्या नाहीत. त्याही मातीत बसल्या.

"सिंधु आज उठायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग प्रभू कसे उठले?" मी विचारलं.

बाईंनी मातीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ते पयले उठले. म्हणून आपल्याला आशा हाय. पण आपल्या माणसाची वाट पाहावी लागते. किती दिवस, ते मला बी ठाव न्हाई." आणि त्या रडल्या. मोठं माणूस असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारी बाईंनी कबर उघडी सापडली तिथूनच गोष्ट सुरू केली. मरण नंतर सांगितलं. शरणप्पांना ते पटलं नाही. क्रम मोडला तर पोरांना त्या दिवसाचं दुःख कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "माझी एक पोर अर्ध्यात गेली. आता कुणाला अर्ध्यात सोडणार न्हाई."

पोलीस ॲक्शननंतरही कितीतरी वर्षं, दृष्टी जाईपर्यंत, त्यांनी तसंच शिकवलं. सिंधुची माय मात्र पुन्हा कधी देवळात आली नाही. दर ईस्टरला, उपासना संपली की, बाई तिच्या दारात जाऊन बसायच्या. ती पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि आत निघून जायची. बाई पाणी पिऊन, तांब्या उंबऱ्यावर ठेवून परत यायच्या.